नव्याने सेवेत आलेल्या परिचारिकांसाठी: व्यावसायिक संघटना समजून घेताना आणि तिथे काम करताना

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून पहिल्या नोकरीवर रुजू झालेल्या परिचारिकेच्या कानावर संघटनेचे नाव साधारणपणे पहिल्या पगाराच्या आसपास येते. एखाद्या वरिष्ठ सिस्टर पावतीपुस्तक घेऊन वॉर्डात येतात, कोणी व्हॉट्सअॅपच्या गटात नाव घालते, तर कोणी "परिषदेचे रजिस्ट्रेशन आहे ना, मग आणखी कशाला?" असे सांगून विषय संपवते. बहुतेकदा फारशी चौकशी न करता वर्गणी भरली जाते किंवा तितक्याच सहजपणे नकार दिला जातो. यांतला कोणताही निर्णय पूर्ण माहिती घेऊन व्हावा, यासाठी हा लेख लिहिला आहे. 'परिचारिका' हा शब्द इथे ब्रदर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुरुष सहकाऱ्यांनाही धरून वापरला असून उदाहरणे प्रामुख्याने महाराष्ट्रातली आहेत.

पहिली पायरी: कोणते काम कोणाचे, हे ठरवून घ्या

परिचारिकेच्या व्यावसायिक आयुष्याशी तीन प्रकारच्या संस्थांचा संबंध येतो, आणि नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या दारात उभे राहिल्यामुळे.

पहिली संस्था म्हणजे परिषद. महाराष्ट्र परिचर्या परिषद ही महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ नुसार काम करणारी वैधानिक संस्था आहे. देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने अस्तित्वात आली. २०२३ मध्ये संसदेने या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा मंजूर केला असून त्यात राज्यस्तरीय आयोगांचीही तरतूद आहे. त्यामुळे पुढे कागदपत्रांवरची नावे बदलली, तरी गोंधळून जाण्याचे कारण नाही. नोंदणी करणे, नूतनीकरण करणे, शिक्षणसंस्थांचा दर्जा पाहणे आणि गैरवर्तनाच्या तक्रारींवर निर्णय देणे ही परिषदेची कामे आहेत. तिचे अस्तित्व रुग्णांच्या आणि समाजाच्या संरक्षणासाठी आहे. ती परिचारिकेची वकील नाही; प्रसंगी ती परिचारिकेवर कारवाईही करू शकते. म्हणून वॉर्डात मनुष्यबळ कमी आहे किंवा पगार थकला आहे, अशी तक्रार परिषदेकडे नेल्यास हाती फारसे काही लागत नाही.

दुसरी संस्था म्हणजे व्यावसायिक संघटना. आपल्याकडची सर्वांत जुनी आणि व्यापक संघटना म्हणजे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात टीएनएआय. १९०५ मध्ये लखनौ येथे रुग्णालयांतल्या नर्सिंग सुपरिंटेंडेंटची एक संघटना स्थापन झाली, १९०८ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची वेगळी संघटना उभी राहिली आणि १९२२ मध्ये दोन्ही एकत्र आल्या. या संघटनेचे 'नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' हे नियतकालिक १९१० पासून निघते, आणि १९१२ पासून ती आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची सदस्य आहे. व्यवसायाचा दर्जा, शिक्षण, आचारसंहिता, धोरण आणि सरकारदरबारी प्रतिनिधित्व हे अशा संघटनेचे क्षेत्र असते.

तिसरी संस्था म्हणजे कर्मचारी संघटना किंवा युनियन. वेतन, पदभरती, बदल्या, पाळ्या, रजा आणि शिस्तभंगाच्या कारवाया हे तिचे विषय. महाराष्ट्रातल्या शासकीय रुग्णालयांत महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटना हे काम करते. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत, परिचारिका भरण्याच्या निर्णयाविरुद्ध तिने संप केला होता. महापालिका रुग्णालयांत, राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांत आणि खासगी रुग्णालयांत वेगवेगळ्या युनियन दिसतात. काही देशांत व्यावसायिक संघटनेची आणि युनियनची ही दोन्ही कामे एकच संस्था करते. ब्रिटनमधले रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग हे त्याचे ठळक उदाहरण आहे. आपल्याकडे ती बहुतांशी वेगळी आहेत, आणि म्हणूनच एकाच वेळी दोन ठिकाणी सभासद असण्यात काही गैर नाही.

दुसरी पायरी: दोन्ही प्रकारच्या संघटना कशा लागतात, हे एका प्रकरणातून पाहा

खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचे प्रकरण प्रत्येक नव्या परिचारिकेला ठाऊक असायला हवे, कारण व्यावसायिक संघटना काय करू शकते आणि तिची मजल कुठे संपते, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही माहितीपत्रकातून होत नाही.

खासगी रुग्णालये आणि नर्सिंग होममधल्या परिचारिकांचे तुटपुंजे वेतन आणि कामाच्या अटी यांविरुद्ध टीएनएआयने २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला तज्ज्ञ समिती नेमण्याचा आदेश दिला. समितीने रुग्णालयाच्या खाटांनुसार शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटा असलेल्या रुग्णालयात राज्य शासनाच्या त्याच श्रेणीतल्या परिचारिकेइतके वेतन असावे. १०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते शासकीय वेतनापेक्षा फार तर १० टक्क्यांनी कमी असावे. ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयात फार तर २५ टक्क्यांनी. आणि कोणत्याही परिस्थितीत, अगदी ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही, ते दरमहा २०,००० रुपयांच्या खाली नसावे. रजा, कामाचे तास, वैद्यकीय सुविधा, वाहतूक आणि निवास याही बाबतीत शासकीय सेवेशी बरोबरी असावी, असे समितीने म्हटले. केंद्राने त्याच वर्षी राज्यांना अंमलबजावणीबाबत पत्रे पाठवली.

इथवरचे काम व्यावसायिक संघटनेचे होते: पाच वर्षे न्यायालयात टिकून राहणे, मांडणी करणे आणि एक अधिकृत आकडा मिळवणे. पण शिफारस म्हणजे आदेश नव्हे. केरळात युनायटेड नर्सेस असोसिएशनने हाच आकडा हातात घेऊन लढा दिला. २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या एका तरुण मल्याळी परिचारिकेने आत्महत्या केल्यानंतर सेवाबंध (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आणि अडकवून ठेवलेली प्रमाणपत्रे यांवरून जो संताप उसळला, त्यातून ही संघटना त्रिशूरमध्ये उभी राहिली. संप आणि मोर्च्याच्या तयारीनंतर एप्रिल २०१८ मध्ये केरळ सरकारने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी २०,००० रुपये मूळ वेतनाची अधिसूचना काढली. याचिकेतून आकडा मिळाला आणि रस्त्यावरच्या एकजुटीतून त्याची अधिसूचना झाली. महाराष्ट्रातल्या लहान खासगी रुग्णालयांत काम करणाऱ्या कित्येक परिचारिकांना या शिफारशी झाल्याचेही माहीत नसते, आणि माझ्या मते आपल्या संघटनांचे हे सर्वांत मोठे अपुरे राहिलेले काम आहे.

मुंबईच्याच इतिहासात एकजुटीचे आणखी एक उदाहरण आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी त्यांच्या उपचारांसाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी संप केला. पुढे १९८० च्या दशकात त्यांना रुग्णालयाबाहेर हलवण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा केईएमच्या परिचारिकांनीच विरोध करून ते थांबवले, आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत बेचाळीस वर्षे परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली.

तिसरी पायरी: कागदपत्रे आणि सभासदत्वाचा अर्ज

परिषदेची नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय टीएनएआयसारख्या संघटनेचे सभासदत्व मिळत नाही, म्हणून आधी नोंदणी प्रमाणपत्र हातात घ्यावे. त्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव एकच आहे ना, हे तपासावे. लग्नानंतर नाव बदलणार असेल, तर परिषदेत दुरुस्ती करून मगच पुढचे अर्ज करावेत, कारण एका ठिकाणची विसंगती पुढे प्रत्येक ठिकाणी आडवी येते. महाविद्यालयात असताना स्टुडंट नर्सेस असोसिएशनचे, म्हणजे १९२९ मध्ये सुरू झालेल्या टीएनएआयच्या विद्यार्थी शाखेचे सभासद असाल, तर ते कार्ड जपून ठेवावे आणि अर्ज करताना राज्य शाखेला दाखवावे. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) आणि एलएचव्ही (महिला आरोग्य अभ्यागत) भगिनींसाठीही टीएनएआयमध्ये स्वतंत्र व्यवस्था आहे. ही संघटना फक्त मोठ्या रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी आहे, हा समज चुकीचा आहे.

मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत, नोकरी देणाऱ्या रुग्णालयाकडे तर मुळीच नाही. पडताळणीसाठी दाखवावीत, साक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ कागद त्याच दिवशी परत घ्यावेत. सेवाबंधावर सही करण्यापूर्वी तो संघटनेतल्या जाणत्या व्यक्तीला वाचायला द्यावा. नव्या परिचारिकेला संघटनेचा पहिला खराखुरा उपयोग बहुधा याच टप्प्यावर होतो, म्हणून सभासदत्व रुजू होण्यापूर्वीच घेणे अधिक शहाणपणाचे.

चौथी पायरी: वर्गणी देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

संघटना कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे आणि तिचा नोंदणी क्रमांक काय? शेवटची निवडणूक कधी झाली? वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना सभासदांना मिळते का, आणि लेखापरीक्षित हिशेब मांडला जातो का? घटनेची प्रत मागितल्यावर मिळते का? हे प्रश्न विनयाने पण निःसंकोच विचारावेत. चांगल्या पदाधिकाऱ्यांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. पावतीशिवाय रोख वर्गणी घेणारी, वर्षानुवर्षे त्याच तीन-चार नावांभोवती फिरणारी किंवा रुग्णालयाच्या व्यवस्थापनानेच उभी करून दिलेली संघटना असेल, तर थांबून विचार करावा.

शासकीय सेवेतल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: संघटनेला शासनाची मान्यता आहे की नाही. मान्यता असलेल्या संघटनेशी प्रशासनाला चर्चा करावी लागते; नसलेल्या संघटनेचे निवेदन फाइलमध्ये पडून राहू शकते.

पाचवी पायरी: वॉर्डातला प्रश्न संघटनेपर्यंत न्यायचा कसा

या पायरीवर थोडे थांबावे लागेल, कारण संघटना दुबळी का राहते, याचे उत्तर अनेकदा इथेच सापडते. ओव्हर देता-घेता, म्हणजे पाळी बदलताना, झालेली कुरकुर, चहाच्या वेळेचा त्रागा आणि गटातले रात्री उशिराचे संदेश यांवर कोणत्याही पदाधिकाऱ्याला प्रशासनाशी बोलता येत नाही. त्याला किंवा तिला कागद लागतो. म्हणून नोंद ठेवायला पहिल्या महिन्यापासून शिकावे.

रात्रपाळीतल्या अपुऱ्या मनुष्यबळाचे उदाहरण घेऊ. पत्र आपल्या कक्षाच्या परिसेविकेमार्फत (वॉर्ड सिस्टर) अधिसेविकांना (मेट्रन) उद्देशून असावे आणि त्याची प्रत संघटनेच्या शाखेला द्यावी. मजकूर साधारण असा असावा (अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स): "दिनांक अमुक रोजी स्त्री शस्त्रक्रिया कक्षात रात्रपाळीस मंजूर खाटा ३०, प्रत्यक्ष दाखल रुग्ण ४४, त्यांपैकी शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या २४ तासांतील रुग्ण ७, रक्त सुरू असलेले रुग्ण २, कर्तव्यावर हजर अधिपरिचारिका १. रात्री २ वाजताची इंजेक्शने पूर्ण होण्यास ३ वाजून २० मिनिटे झाली. या परिस्थितीत रुग्णसुरक्षेस धोका संभवतो, तरी रात्रपाळीस किमान आणखी एक अधिपरिचारिका मिळावी, ही विनंती." यात कोणावर आरोप नाही, विशेषणे नाहीत आणि मागणी एकच आहे. अशी पत्रे महिनाभर वेगवेगळ्या पाळ्यांतून वेगवेगळ्या परिचारिकांनी दिली, तर शाखेच्या हातात तक्ता तयार होतो, आणि त्या तक्त्याकडे दुर्लक्ष करणे प्रशासनाला कठीण जाते.

पत्र दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घ्यावा. ती पोच हाच पुढचा पुरावा असतो. पत्रात रुग्णाचे नाव, निदान किंवा नोंदणी क्रमांक कधीही लिहू नये, आणि केसपेपरचे किंवा वॉर्डाचे छायाचित्र काढून गटात टाकू नये. हेतू कितीही चांगला असला तरी ते गोपनीयतेचे उल्लंघन ठरते आणि मूळ प्रश्न बाजूला पडून चौकशी परिचारिकेचीच सुरू होते.

प्रमाणाचा आधार द्यायचा असेल, तर भारतीय परिचर्या परिषदेने शैक्षणिक रुग्णालयांसाठी तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांसाठी पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे गुणोत्तर सांगितले आहे; अतिदक्षता विभागासाठी ते एकास एक आहे. पदसंख्या ठरवण्यासाठी सरकारी पातळीवर जे निकष वापरले जातात, त्यांत साधारण कक्षासाठी सहास एक हे गुणोत्तर आढळते. पत्रात यांतले कोणते लागू करायचे, हे शाखेशी बोलून ठरवावे आणि निकषाची प्रत जोडावी.

काही बाबतींत मात्र संघटनेची वाट पाहत बसू नये. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडेच, आणि साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी द्यावी लागते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अशी समिती असणे बंधनकारक आहे. नातेवाइकांनी हात उगारला, तर महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचार रोखणारा कायदा परिचारिकांनाही लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अशा वेळी पोलिसांत तक्रार दाखल होईल, हे पाहावे. संघटनेने अशा प्रसंगी सोबत यावे, साक्षीदारांना धीर द्यावा आणि पाठपुरावा करावा, पण पहिला लेखी अर्ज आपलाच असला पाहिजे.

सहावी पायरी: निरंतर शिक्षण आणि त्याचे तास

नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तास लागतात. भारतीय परिचर्या परिषदेची अपेक्षा पाच वर्षांत १५० तासांची आहे. संघटनांच्या कार्यशाळा, परिषदा आणि व्याख्याने हा ते तास मिळवण्याचा एक सोयीचा मार्ग आहे. नाव नोंदवण्यापूर्वी त्या कार्यक्रमाला राज्य परिषदेची मान्यता आहे का, हे अवश्य विचारावे, कारण मान्यता नसलेल्या कार्यक्रमाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावता येते, नूतनीकरणात चालत नाही.

दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर आपल्या विशेष क्षेत्राच्या संघटनेकडे वळावे. प्रसूतिसेवेत रमणाऱ्यांसाठी सोसायटी ऑफ मिडवाइव्ह्ज इंडिया आहे. संशोधनाची आवड असलेल्यांसाठी १९८६ मध्ये स्थापन झालेली नर्सिंग रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया आहे. आपल्या वॉर्डातला छोटासा प्रश्न, उदाहरणार्थ शिरेतल्या सुईच्या जागी सूज येण्याचे प्रमाण किंवा औषध देण्यात होणारा उशीर, नीट नोंदी ठेवून अशा व्यासपीठावर मांडता येतो. आपल्याकडे डॉक्टरांच्या परिषदांत परिचारिका स्वागतकक्षात दिसतात आणि व्यासपीठावर क्वचितच. हे बदलायचे असेल, तर त्याची सुरुवात अशा लहान निबंधांपासूनच होईल.

सातवी पायरी: आंदोलनात उतरण्यापूर्वी

काळी फीत, गेटवरची सभा, तासाभराचे कामबंद आणि बेमुदत संप यांचे परिणाम सारखे नसतात. रुग्णालय ही अत्यावश्यक सेवा आहे, आणि राज्य सरकार अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा लागू करून संपास मनाई करू शकते. शासकीय सेवेत वर्तणूक नियमही लागू होतात. म्हणून संपाची नोटीस रीतसर दिली आहे का, अतिदक्षता, प्रसूती आणि अपघात विभागांत कोण काम करणार आहे, आणि कारवाई झाल्यास संघटना कायदेशीर मदत कशी करणार आहे, हे सभेत उभे राहून विचारावे. परिवीक्षाधीन आणि कंत्राटी परिचारिकांवर पहिली कुऱ्हाड कोसळण्याची शक्यता असते. त्यांना पुढे ढकलून स्वतः मागे राहणारे नेतृत्व स्वीकारू नये. आपल्या हातातला रुग्ण दुसऱ्या परिचारिकेच्या ताब्यात दिल्याशिवाय वॉर्ड सोडू नये. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या आचारसंहितेत परिचारिकेची पहिली जबाबदारी शुश्रूषेची गरज असलेल्या माणसाप्रती मानलेली आहे, आणि लोकांची सहानुभूतीही त्यावरच टिकते.

आठवी पायरी: राज्याबाहेर किंवा परदेशी जाताना

गोव्यात किंवा अन्य राज्यात नोकरी मिळाली, तर तिथल्या परिषदेत नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी महाराष्ट्र परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. परदेशासाठी पडताळणीचे कागदही परिषदेकडूनच जातात. संघटनेचे पत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. संघटनेचा उपयोग इथे वेगळा आहे: कोणता दलाल भरमसाट पैसे मागतो, कोणत्या करारात लपलेल्या अटी असतात, आधी गेलेल्या परिचारिकांना भाषेच्या परीक्षेत काय अडले, ही माहिती तिथेच मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला असून त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. अशा योजनांत नाव नोंदवणाऱ्यांनी जर्मन भाषेची पातळी, मान्यता प्रक्रियेचा काळ आणि त्या काळातले वेतन हे तीन मुद्दे लेखी घ्यावेत. तिथे पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात स्थानिक व्यावसायिक संघटनेत किंवा युनियनमध्ये नाव घालावे, आणि इथल्या नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख डायरीत लिहून ठेवावी, कारण परतल्यावर खंड पडलेली नोंदणी पुन्हा सुरू करण्यासाठी बरीच धावपळ करावी लागते.